मेश्रामजींचा सुळा

चेरीतालच्या नव्या घरात आम्ही राहायला गेलो त्या दिवशी लोक मिठाईचे डबे घेऊन आले. मेश्रामजी फीलर गेज घेऊन आले. फीलर गेज म्हणजे पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, फट किती मिलिमीटरची आहे ते मोजायला. माणसाने चप्पल काढली, जयभीम म्हटलं आणि थेट आमच्या दाराच्या चौकटीत पट्टी सरकवली. मग दुसरी सरकवली, मग तिसरी. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी.

"बोरकर," ते म्हणाले, "वरती दीड आहे, खालती तीन. दरवाजा लटकून राहिला तुमचा. रीवर्क."

मग चहा घेतला. चहालाही काहीतरी म्हणणार होते, पण बायकोचा चेहरा बघून गप्प बसले असावेत. दरवाजा अजून तसाच आहे. आता तो मलाही लटकलेला दिसतो, हा त्यांचा प्रताप.

मेश्रामजी आमच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला. फॅक्टरीत काय बनतं ते विचारू नका, आम्ही कागदावर सही केलेली आहे. मी त्यांच्या हाताखाली नाही, पण माझं टेबल त्यांच्या शेजारी, आणि ते जास्त वाईट. तीस वर्षांत या माणसाने एकही वस्तू पहिल्या फेरीत पास केल्याचं कोणी पाहिलेलं नाही. माझ्या डब्यातली पोळी उजेडात धरून म्हणायचे, "एक साइड जाड आहे." चौदा एप्रिलच्या बॅनरपुढे उभे राहून म्हणायचे, "निळा रंग दोन जागी वेगळा आहे, रीवर्क." बड्या फुहाऱ्याच्या बाजारात एक कापडवाला आहे. मेश्रामजी वळणावर दिसले की तो पोऱ्याला सांगत नाही, स्वतःच उठून चांगले तागे आत नेऊन ठेवतो. एकदा त्यांनी चादरीचे दोरे मोजायला भिंग काढलं होतं, तेव्हापासून.

आणि हसणं म्हणाल तर नाही. फार झालं तर मिशी हलायची. इन्स्पेक्टर माणूस, रुबाब ठेवून असतो, असं आम्ही समजत होतो.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, प्रज्ञाचं लग्न झालं. ती नागपूरला गेली. त्यानंतर तीनेक महिन्यांनी, एका सोमवारी, मेश्रामजी दातांना तार लावून ड्यूटीवर आले. वय वर्षं त्रेपन्न.

कँटीनमध्ये सगळ्यांचे चमचे हवेतच राहिले. आमच्याकडे आठवीतली पोरं तार लावतात, तीही तोंड लपवतात. एका वेल्डरने शेवटी विचारलंच, "मेश्रामजी, अर्थिंग करवा लिए क्या?"

मेश्रामजींनी शांतपणे मोबाइल काढला आणि एक्स-रे दाखवला. आधी मला, मग वेल्डरला, मग भाजी वाढणाऱ्याला.

"हा सुळा. वरचा, उजव्या हाताचा. बाराव्या-तेराव्या वर्षी खाली यायले पाहिजे होता. आला नाही. टाळूत आडवा झोपून राहिला. चाळीस वर्षं."

"मग त्याच्या जागी काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दुधाचा दात."

चहा माझ्या नाकातून बाहेर आला, खोटं कशाला सांगू. ज्याच्या पेनाला अख्खं वर्कशॉप टरकून असतं, त्याच्या तोंडात दुधाचा दात. मी रुमालाने शर्ट पुसत होतो आणि ते माझ्याकडे एखाद्या वाकड्या बोल्टकडे पाहावं तसे पाहत होते.

"पण आताच काहून?" मी म्हटलं. "चाळीस वर्षं चाललं नं?"

"मशिनीचा पार्ट मशिनीतच पडून आहे, पण फिट नाही केलेला. असा माल मी पास करन का?"

एवढंच उत्तर. पण मी त्यांना ओळखतो, त्या दातासाठी हा माणूस वेडा झाला होता. ड्यूटीवर बसल्या बसल्या जीभ टाळूला लावून बघायचा.

डॉक्टर मॅडम म्हणजे प्रज्ञाच्याच वयाची मुलगी. ऑपरेशनच्या दिवशी स्कूटर चालवायला म्हणून मी सोबत गेलो. तिने समजावून सांगितलं. हिरडी थोडी उघडायची, झोपलेल्या दातावर एक छोटं बटन चिकटवायचं, बटनाला बारीक चेन बांधायची आणि चेन तारेला जोडून दात हळूहळू खाली ओढायचा. जागेवर येईपर्यंत दुधाचा दात राहू द्यायचा. मग ती जरा थांबली.

"अंकल, इस उम्र में दाँत हड्डी से चिपक भी जाता है। हिलेगा ही, ये मैं लिखकर नहीं दे सकती।"

"बेटा," मेश्रामजी म्हणाले, "जाम नट खोलते तीस साल हो गए। ज़ोर नहीं लगाना। रोज़ थोड़ा-थोड़ा।"

"वही तो मैं बोलने वाली थी," ती म्हणाली.

चेन सोन्याची निघाली. म्हणजे सोन्याचं पाणी दिलेली, तोंडात गंजू नये म्हणून. वहिनींना हे कळलं त्या दिवशी त्यांच्या घरात जेवण झालं नाही. "सत्तावीस वर्षं झाली लग्नाले," वहिनी मला सांगत होत्या, "मले कधी चेन नाही केली. दाताले केली. अन् ते बी आतून, कोणाले दिसत बी नाही." मेश्रामजी सुजलेला गाल धरून बसले होते, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. त्यांची बाजू मी मांडायला गेलो आणि मीही बोलणी खाल्ली.

मग खाण्यापिण्याचे हाल. चिकट नाही, कडक नाही, पेरू नाही, खोव्याची जलेबी तर नावच घ्यायचं नाही. पावसाळ्यात आम्ही सगळे बरगीला धरण बघायला गेलो. तिथे जाऊन भुट्टा खाल्ला नाही तर जाण्यात अर्थ काय? आम्ही दोन-दोन खाल्ले. वहिनींनी चाकूने दाणे सोलून, चेचून, वाटीत घालून नवऱ्याच्या हातात दिले. ते एकेक दाणा डाव्या बाजूला सरकवत होते आणि डोळ्यांत पाणी.

"दुखून राहिलं का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. झिरो. धूर लागला शेगडीचा."

शेगडीचा धूर वाऱ्याने पलीकडे जात होता. पण हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कोणीही विचारो, कधीही विचारो, झिरो.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. दात खाली येतो आहे की नाही, हे चेनवरून कळतं. जितका दात खाली, तितक्या जास्त कड्या हिरडीबाहेर दिसतात. तर रोज जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीपाशी टॉर्च घेऊन मेश्रामजींच्या तोंडात वाकायचो आणि कड्या मोजायचो. मी म्हटलं, आरशात स्वतः बघा नं. तर म्हणाले, "आपला माल आपण तपासत नाही. रूल आहे." सगळं शॉप येता-जाता बघायचं. माझ्या नोकरीत मी बरीच कामं केली, पण दुसऱ्याच्या तोंडात उजेड पाडायचं काम कुठल्या ऑर्डरमध्ये बसतं ते मला अजून सापडलेलं नाही.

"किती?"

"तीन."

दुसऱ्या दिवशी तीन. पुढच्या महिन्यात तीन. दिवाळी गेली, तीन. मला झोपेत कड्या दिसायला लागल्या, त्याही तीनच.

पाच महिने झाले तेव्हा मॅडमनी टेबलावर हात ठेवला आणि सांगितलं, आता थांबू या. दात हलत नाही, उगाच बाकीच्या दातांवर ताण येतो. मेश्रामजी खुर्चीतून उठेनात. ज्यांनी बड्या बड्या ठेकेदारांचा माल परत पाठवला, ते त्या पोरीसमोर हात जोडून म्हणाले, "बेटा, तीन महीने और।" मला तिथे उभं राहवेना. मॅडम बराच वेळ एक्स-रे बघत राहिल्या आणि हो म्हणाल्या.

परत येताना मला राग आला होता. त्यांनी असे हात जोडावेत हे मला सहनच झालं नाही. मी स्कूटर चालवत म्हटलं, "सोडा नं मेश्रामजी आता. या वयात तुमचे दात पाहणारं आहे कोण?"

"गाडी थांबव," मागून आवाज आला.

ते उतरले आणि पायी चालायला लागले. मी हळूहळू मागे गेलो, हाका मारल्या, वळले नाहीत. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आठ दिवस कड्या वेल्डरने मोजल्या. तोही तीनच म्हणाला, आणि त्याचा मला गुपचूप आनंद झाला, हे कबूल करतो.

सातव्या महिन्यात, पुन्हा माझी ड्यूटी लागलेली असताना, टॉर्चच्या उजेडात मला काहीतरी निराळं दिसलं. मी परत मोजलं.

"चार," मी म्हटलं.

"पुन्हा मोज."

"चार आहेत मेश्रामजी."

ते स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली पोळी उजेडात न धरता खाल्ली.

पुढचं सगळं भराभर नाही, पण झालं. सुळा टाळूतून वळत वळत आला, दुधाचा दात निघाला, सुळा त्याच्या जागी उभा राहिला. सगळं मिळून अडीच वर्षं. तार निघाली त्या दिवशी कँटीनमध्ये आम्ही मिठाई आणली, फोटो काढायला मोबाइल वर धरले. हसा म्हटलं. मिशी हलली, बस. मी कपाळावर हात मारून घेतला. मग एवढा खटाटोप केला कशाला या माणसाने?

पुढच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. प्रज्ञा नागपूरहून आली होती. मी म्हटलं, बापलेकीत माझं काय काम, तर म्हणाले, "पास करायले दोन सह्या लागते." जेवण झालं. वहिनी भांडी घेऊन आत गेल्या आणि मेश्रामजींनी प्रज्ञाच्या लग्नाचा अल्बम समोर ठेवला.

"दोनशे बारा फोटो आहेत," ते म्हणाले. "मी सगळे पाहिले. एकात बी तुझे दात नाहीत. सगळ्या फोटोत ओठ बंद."

"नवरी होते बाबा. लाजत होते."

"लाजणं नाही ते. मी चाळीस वर्षं तसेच ओठ बंद करून राहिलो. मले ओळखू येते."

प्रज्ञाचा हात तोंडावर गेला. ही पोरगी मी लहानपणापासून पाहतो आहे, आणि ती बोलताना हात कुठे नेते हे मला त्या दिवशी दिसलं. डोळे फुटले होते का माझे इतकी वर्षं?

"तू चौदा वर्षांची होती," मेश्रामजी अल्बमकडे बघत बोलत होते. "शाळेत डॉक्टर आले होते, त्यायनं चिठ्ठी दिली. सुळा आडवा आहे म्हणून. तू मले म्हटलं, बाबा, तार लावून द्या. मी काय म्हटलं होतं, आठवते का?"

"दातानं काय होते, अभ्यास कर," प्रज्ञा म्हणाली. तिला आठवायला एक क्षणही लागला नाही.

"चुकलं माझं."

तीस वर्षं मी या माणसाशेजारी बसतो. हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. खाली बघून मी सतरंजीची दशी ओढत बसलो.

"तुझा दोष नाही तो, माझ्याकडून आला," ते म्हणाले. "पण तुले सांगू कसा? दुखते किती, मले माहीत नाही. डॉक्टर कशी, माहीत नाही. मोठ्या माणसाचा दात येते का नाही, ते बी नाही. म्हणून पहिला पीस मी झालो."

पहिला पीस म्हणजे आमच्याकडची रीत. कुठलंही नवं काम आलं की आधी एकच नग बनवायचा, त्याला सगळ्या बाजूंनी तपासायचं, काय बिघडायचं ते त्याच्यावर बिघडू द्यायचं. तो पास झाला तरच पुढच्याला मशिनीवर चढवायचं. हे मला पाठ आहे. अडीच वर्षं रोज टॉर्च धरून मी त्या तोंडात बघत होतो, आणि ते माझ्या डोक्यात आलं नाही.

प्रज्ञाने अल्बम मिटून बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, "दुखते का बाबा?"

मी 'झिरो'ची वाट बघत होतो.

"दुखते," मेश्रामजी म्हणाले. "ऑपरेशननंतर चार दिवस लय दुखते. दर महिन्याले तार कसली की दोन दिवस वरणभात बी चावत नाही. गालाले आतून जखमा होते, मग त्या भरते. पाचव्या महिन्यात मी बाथरूमात नळ सोडून रडलो. तुझ्या आईले माहीत नाही."

"माहीत आहे," वहिनी आतून म्हणाल्या.

"पण सहन होते," ते म्हणाले. "मी पाहून घेतलं आहे."

प्रज्ञा उठली. बापासमोर येऊन गुडघ्यांवर बसली, त्यांची हनुवटी धरली आणि म्हणाली, "आ करा." तिचे डोळे वाहत होते, तरी ती तो सुळा निरखून बघत राहिली. मी चपला शोधायला लागलो.

"उद्याची सुट्टी टाकते मी," हनुवटी न सोडता ती म्हणाली. "डॉक्टर मॅडम किती वाजता बसतात?"

तोंड उघडंच असल्यामुळे मेश्रामजींना बोलता येईना. त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटं वर केली.