घोषालांच्या देवीचा सांगाडा

विसर्जनानंतर देवीचा लाकडी सांगाडा यंदा आपणच नदीतून ओढायचा, असं बिमलेंदू घोषालने ठरवलं. दरवर्षी नावाडी ओढत. पण नावाडी म्हणजे नुसती दिरंगाई, असं त्याचं मत (मतं त्याच्याकडे मुबलक होती, अंगावर मांस तेवढं नव्हतं).

"एक सांगाडा दुसऱ्याला ओढणार," बायको सुप्रीती म्हणाली. "बघू कोण कोणाला घरी आणतो."

कालनाच्या घाटावर त्या दिवशी बऱ्याच घरांच्या मूर्ती बुडत होत्या. माती विरघळली, पेंढा सुटला, तसा बिमलेंदू गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि सांगाड्याची चौकट ओढून आणली. पुढे आठवडाभर तो शिंकत होता, पण छाती फुगवून.

चौकटीची पूजा पुढच्या आषाढात, रथयात्रेला. दरवर्षी त्याच जुन्या चौकटीवर नवी मूर्ती सुरू व्हायची. त्याची आत्या, पिशीमा, डोळ्यांनी अधू. तिने नेहमीसारखा मागच्या फळीवर हात फिरवला. पोरवयात तिच्या दादाने, म्हणजे बिमलेंदूच्या वडिलांनी, तिथे एक खिळा वाकडा ठोकला होता, आणि त्याआधी तिच्या अंगठ्यावर हातोडी. दादा गेला, खिळा राहिला. वर्षातून एकदा ती त्याला हात लावून खुशाली विचारायची.

"बिमू, हा खिळा सरळ आहे."

"गंजून झाला असेल, पिशीमा."

"माझा दादा मेल्यावर सुधारेल असं मला वाटत नाही. कोणाची चौकट उचलून आणलीस रे?"

"पलीकडच्या आळीतल्या नियोगींची दिसते," मूर्तिकार गोष्ठो पाल हळूच म्हणाला.

बिमलेंदूने पिशीमाला रिक्षात घातलं. नियोगींकडे पूजा आटोपून चौकटीवर पहिली माती चढलीसुद्धा होती. पिशीमाने ओल्या मातीत अंगठा खुपसला, चाचपलं, आणि तिला रडूच आलं.

"इथे दडलाय लबाड."

नियोगीबाबू ओशाळले. "आमचे जावईही हौसेने पाण्यात उतरले होते. पण पिशीमा, माती चढली, आता विसर्जनापर्यंत हलवता येत नाही."

बिमलेंदूला तोंड कुठे लपवू असं झालं. पिशीमाने पदराने नाक पुसलं.

"राहू दे. दादाला तुमच्याकडची भोगाची खिचडी फार आवडायची. बाबांच्या धाकाने कधी पोटभर खाता आली नाही त्याला. यंदा खाऊ दे."

पुढच्या दशमीला नावाडीच पाण्यात उतरले. पिशीमाने काठावर खिळा चाचपून पाहिला आणि चौकट घरी आली. बिमलेंदूकडे सगळ्यांच्या चपला सांभाळायचं काम होतं. ते त्याने डोळ्यांत तेल घालून केलं. दारात सुप्रीती त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. नियोगींच्या जावयाच्या चपला छान आहेत."