रिकाम्या ओळीचा बंदोबस्त

वानखेडे भाऊ आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी त्याचा मोबाईल मागतात. त्यात आमच्या वेबसाईटचं पान उघडतात, एंटर दाबतात, आणि कर्सर नीट खालच्या ओळीवर उतरला की मगच म्हणतात, "बसा."

लकडगंजातलं आमचं ऑफिस लग्नपत्रिकांची वेबसाईट चालवतं. लोक पानावरच मजकूर टाइप करतात. पण एंटर दाबला की एक ब्राउझर नुसती ओळ तोडतो, दुसरा नवा परिच्छेद काढतो, तिसरा प्रत्येक ओळीला वेगळ्याच चौकटीत कोंबतो. भाऊंना हा स्वतःचा अपमान वाटतो. "बटन एक अन् तऱ्हा तीन. काहून?"

मला त्यांनीच ठेवलं. देवगडकडून आलेलो, शाळा नववीत सुटलेली. मुलाखतीत भाऊ म्हणाले, शिकलेले लोक अंदाजानं चालतात, मला दाबून बघणारा हवा. तेव्हापासून मी सगळ्या ब्राउझरांत एंटर दाबतो आणि पगार घेतो.

एकदा रामटेकच्या पत्रिकेत ओळ तुटलीच नाही. नवरीच्या मामांच्या नावाला खालचं 'कृपया आहेर आणू नये' चिकटलं. मान मामाचा, आणि मनाई त्यालाच! मामा रुसून बसले. भाऊ स्वतः गेले, समजूत घातली, पोटभर जेवले, आणि नवरीच्या बापाच्या फोनमधली चूक पकडूनच परतले.

त्यांचा खरा जीव रिकाम्या ओळीत. आत काहीच नसलं तर ती मिटून जाते, कर्सरला उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून भाऊ तिच्यात एक न दिसणारी खूण ठेवतात. "रिकाम्या ओळीत कोणी तरी बसवा लागते गा. नाही तर ते कोसळते."

गेल्या महिन्यात घरमालकानं मला खोली सोडायला सांगितलं. दुसरी मिळेना. काम सोडून गावी परतणं जवळजवळ ठरलंच होतं. भीत भीत भाऊंना सांगितलं. ते एंटर दाबत राहिले. संध्याकाळी मात्र स्कूटरवर मागे बसवून मला घरी घेऊन गेले.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून ते एकटेच राहतात. तिची खोली झाडून ठेवलेली होती, उशीला नवा अभ्रा. मी दारातच अडखळलो.

भाऊ पाठमोरे होते, खिडकी उघडत होते.

"ठेवून पाह्यली मी रिकामी," ते म्हणाले. "नाही जमत गा."

मी चप्पल काढून आत आलो. तेव्हा ते वळले, आणि माझा मोबाईल न मागताच म्हणाले, "बस."