केशवराव घरी बसले त्याची गोष्ट

बाळांनो, गोल करून बसा. जंगल कुठलं ते विचारू नका, कारण ते मलाही ठाऊक नाही. तर एका जंगलात एक अस्वल घरी बसलं होतं.

अस्वलाचं नाव केशवराव. पूर्वी ते वाघमहाराजांच्या मधखात्यात होते. पोळं कुठे लागलंय ते हुंगायचं, झाडावर चढायचं, माश्या अंगावर घ्यायच्या आणि मध दरबारात पोचवायचा. काम त्यांना आवडायचं. पण एका साली मुख्य मधपालाची जागा रिकामी झाली आणि ती मिळाली एका उदमांजराला. उदमांजराला माश्यांची भीती वाटायची, पण त्याला बोलता छान यायचं.

केशवरावांनी त्याच दिवशी काम सोडलं. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे," असं ते म्हणाले. तत्त्व कोणतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. खरं म्हणजे त्यांना वाटलं होतं की महाराजांचं मागोमाग बोलावणं येईल. म्हणून सुरुवातीला ते गुहेच्या दाराशीच बसून राहिले. बोलावणं आलं नाही. बसायची सवय मात्र लागली.

घर चालवायच्या त्यांच्या बायको, वत्सलाबाई. सकाळी वारुळं उकरायला जायच्या, दुपारी मोहाची फुलं वेचायच्या आणि परत येऊन गुहा झाडायच्या.

"अहो, घरीच असता तर गुहा तरी झाडत जा," त्या म्हणायच्या.

"घरी असतो म्हणजे मी रिकामा असतो असं नाही. मी विचार करत असतो."

"कसला?"

"हाच. की पुढे काय करायचं."

केशवरावांना खरा त्रास व्हायचा तो पाणवठ्यावर. तिथे भेटेल तो विचारायचा, "काय केशवराव, सध्या काय चाललंय?" बाळांनो, हा प्रश्न वाघापेक्षा वाईट. वाघ दिसला तर निदान झाडावर तरी चढता येतं. केशवराव कधी म्हणायचे, "बघतोय." कधी म्हणायचे, "दोन-तीन गोष्टी डोक्यात आहेत." डोक्यात एकही नसायची. मग ते भर दुपारी, कोणी नसताना पाणी प्यायला जायला लागले.

त्या उन्हाळ्यात जंगलावर संकट आलं. डोंगरापलीकडून कोळसुंद्यांची टोळी यायला लागली. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. ते कुठल्याच राजाला मानत नाहीत. पाणवठ्याच्या गवतात दबा धरायचे आणि हरणांची पाडसं पळवायचे. पूर्वी तिथे इंदू नावाची टिटवी पहारा करायची. गवत जरा वेगळं हललं की तिचा आवाज साऱ्या रानात घुमायचा. पण इंदूनं काम सोडलं होतं. तिच्या जागी मोर नेमला होता. मोर लांडोर दिसली तरी ओरडायचा. त्यामुळे त्याच्या ओरडण्याकडे कोणी लक्ष देईना.

महाराजांनी दरबार भरवला. "टिटवी येत नाही, वानरीण येत नाही. अर्धं जंगल घरी बसलंय. कारण काय?"

कोल्हा दिवाणजी होता. तो म्हणाला, "महाराज, कारण आळस. पण आपण इथे बसून नुसतं तसं म्हटलं तर बरं दिसणार नाही. घरोघरी जाऊन विचारायला पाहिजे. त्यासाठी कोणीतरी रिकामं माणूस... म्हणजे जनावर हवं."

सगळ्या दरबाराला एकदमच केशवराव आठवले.

दिवाणजी स्वतः गुहेपाशी गेले. "केशवराव, तुम्हाला आम्ही मुख्य कारणशोधक नेमतोय. जे कामावर येत नाहीत, ते का येत नाहीत, हे तुम्ही शोधायचं."

"मोबदला काय?" आतून वत्सलाबाईंनी विचारलं.

"पद मानाचं आहे, वहिनी."

वत्सलाबाईंना उत्तर कळलं. पण केशवराव तोवर हो म्हणून मोकळे झाले होते. का सांगू? पाणवठ्यावरच्या त्या प्रश्नाला आता उत्तर मिळालं होतं.

"सुरुवात तुमच्याच घरापासून करू का?" केशवरावांनी उत्साहानं विचारलं. "चिरंजीवही घरीच असतात ना?"

"छे, छे! तो घरी बसलेला नाही. तो तयारी करतोय."

"कसली?"

"ते ठरायचंय अजून," असं म्हणत दिवाणजी निघून गेले.

मग केशवराव इंदू टिटवीकडे गेले. ती राहायची उघड्या माळावर. घरटं म्हणजे नुसते खडे, आणि खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी अंडी. केशवराव पाऊल टाकणार, तोच ती किंचाळली, "पाय! पाय! पाय!"

केशवराव एका पायावर उभे राहिले. तशाच अवस्थेत, होईल तेवढ्या रुबाबात, त्यांनी विचारलं, "इंदूताई, मी दरबाराकडून आलोय. तुम्ही कामावर का येत नाही?"

उन्हानं इंदूची चोच उघडीच राहिली होती. तिनं केशवरावांकडे खालून वर पाहिलं. मग त्यांच्या सावलीकडे पाहिलं.

"केशवभाऊ, जरा इकडे सरकता? अजून थोडं. हं, बास. आता हलू नका." सावली अंड्यांवर पडली. "सकाळपासून इथून उठता आलं नाही हो. उन्हात उघडी टाकली तर आतल्या आत शिजतील. आमचे हे नदीपलीकडे पाणी कुठे आहे ते बघायला गेले, ते तिकडचेच झाले. पटकन पोट भिजवून आणते, म्हणजे अंड्यांना गारवा मिळेल. आलेच!"

"अहो, पण कारण?" केशवराव ओरडले. इंदू तोवर पाणवठ्यावर पोचली होती.

केशवराव उभे राहिले. आता सावली धरणं हे दिसायला सोपं काम आहे. झाडं ते पिढ्यान्‌पिढ्या करतात. पण विचार करत उभं राहिलं की सूर्य सरकतो आणि अंड्यांवर ऊन येतं. मग आपण सरकायचं, तेही पायाखाली बघून. केशवरावांना विचार करता येईना. बऱ्याच वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

इंदू ओल्या पोटानं परत आली आणि अंड्यांवर बसली. डोळे मिटून म्हणाली, "किती दिवसांनी पोटभर पाणी प्यायले."

"बरं, आता कारण सांगता ना?"

"कशाचं?" इंदूनं विचारलं, आणि तिला बसल्या जागी झोप लागली.

संध्याकाळी केशवरावांनी दिवाणजींना कळवलं, "कारण अजून मिळालं नाही. ती सांगणार, इतक्यात तिला काहीतरी काम निघतं."

हसू नका, बाळांनो. केशवराव हुशार होते. हुशार जनावराला नाकासमोरची गोष्ट दिसायला वेळ लागतो.

ते दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्याही दिवशी गेले. इंदू त्यांना बघताच अंडी सोपवून पाण्याकडे उडायला लागली. मग एके सकाळी रखमा वानरीण तिथे आली. तिच्या पाठीवर तिची सासू होती. म्हातारीला दिसत नव्हतं आणि ती झाडावरून पडायची.

"इथे धरून बसणारं कोणीतरी आहे असं ऐकलं," रखमा म्हणाली. "सासूबाईंना जरा बघा. पूर्वी मी उंबराच्या फांद्या हलवून खालच्यांना फळं पाडून द्यायचे. यांना खाली ठेवलं तर लांडगे, वर ठेवलं तर पडतात. उंबरावर जाऊन किती दिवस झाले!"

"पण मी तर तुम्हालाच विचारायला येणार होतो की तुम्ही..."

रखमा सासूला तिथेच ठेवून पाणवठ्यावरच्या उंबराकडे गेलीसुद्धा.

म्हातारीनं केशवरावांच्या केसांत हात घालून घट्ट धरलं. "कोण रे तू?"

"केशवराव."

"काय करतोस?"

केशवरावांनी सवयीनं तोंड उघडलं. मग म्हणाले, "सावली धरतोय."

"हं," म्हातारी म्हणाली. "धर मग." आणि पुढे काही विचारलं नाही.

त्याच दुपारी कोळसुंदे आले. पाण्यात पोट भिजवणाऱ्या इंदूला गवत हललेलं दिसलं आणि तिच्या गळ्यातून जुनी आरोळी फुटली. हरणांचा कळप उधळला. एक पाडस मात्र चिखलात रुतलं. त्याची आई काठावर पुढे-मागे धावत होती.

माळावर केशवरावांना सगळं ऐकू येत होतं, दिसत काहीच नव्हतं. एक अस्वल मध्ये पडलं असतं तर कोळसुंदे पांगले असते. ते अर्धं पाऊल पुढे गेले. अंड्यांवर ऊन आलं. म्हातारीनं केस आणखी घट्ट धरले. "काय झालं रे? जाऊ नकोस."

केशवराव पाऊल मागे घेऊन उभे राहिले. इतकं अवघड उभं राहणं त्यांच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं. डोळे मिटून ते नुसते ऐकत राहिले.

तिकडे रखमानं उंबरावरून कच्च्या फळांचा नि फांद्यांचा मारा केला. कोळसुंदे बिचकले. तेवढ्यात पाडस चिखलातून निसटलं. सगळं झाल्यावर वाघमहाराज आले आणि डरकाळी फोडली.

दरबारात महाराजांचा सत्कार झाला. इंदू आणि रखमाचंही नाव घेतलं. दोघी कामावर रुजू झाल्या. त्यांचं बघून आणखी काही जणी निघाल्या. एक भेकर आपलं पाडस केशवरावांकडे सोडून गेली, एक काटेरी साळू आपली दोन पिल्लं. इंदूची अंडी फुटली आणि तिची पिल्लं केशवरावांच्या केसांत शिरून मुंग्या टिपायला लागली. केशवरावांना पाण्यावर जायलाही सवड होईना. वत्सलाबाई एकदा मुद्दाम वाट वाकडी करून माळावर आल्या, दूर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि मोहाची फुलं ठेवून गेल्या.

अशात एक दिवस दिवाणजी आले. "केशवराव, उदमांजराला माशी चावली. तो पळाला. मुख्य मधपालाची जागा महाराज तुम्हाला देतायत. उद्या ऊन डोक्यावर यायच्या आत हजर व्हा. नाही आलात तर जागा मुंगसाला."

केशवरावांनी क्षणाचाही विलंब न लावता हो म्हटलं. हो तर! इतकी वर्षं ते दाराशी कशाला बसले होते? सकाळी अंग झटकलं, पंजे घासले. आज पोरं घ्यायची नाहीत, असं सगळ्यांना स्वच्छ सांगायचं ठरवलं.

इंदू आली. "केशवभाऊ, आज गवतात मला काहीतरी बरं वाटत नाहीये, लवकर जाते," म्हणत पिल्लं सोडून उडाली. रखमानं सासूला केशवरावांच्या खांद्यावर ठेवलं. भेकर पाडस ठेवून गेली. साळूनं तर मागे वळूनही पाहिलं नाही. प्रत्येकीला सांगायचं होतं, आणि प्रत्येक वेळी हातात कोणाचं तरी पोर होतं.

केशवरावांना दिवाणजींचे चिरंजीव आठवले. त्यांनी लांबूनच हाक मारली, "अरे, घटकाभर इथे येतोस का?"

"काका, मी तयारीत आहे," झुडपातून आवाज आला.

ऊन डोक्यावर आलं. केशवराव सगळ्यांना सावलीत घेऊन उभे होते. आणि तेव्हा, बाळांनो, त्यांना एकदम कारण सापडलं. कोणी कामावर का येत नाही, याचं अगदी खरं कारण. त्यांना इतका आनंद झाला की धावत दरबारात जाऊन सांगावंसं वाटलं.

पण जायचं कसं?

दरबारात जागा मुंगसाला मिळाली. महाराजांनी विचारलं, "केशवराव आले नाहीत?"

"नाही, महाराज. पण आनंदाची गोष्ट अशी की बाकी सगळं जंगल कामाला लागलंय," दिवाणजी म्हणाले. "आता घरी बसलेले असे एकटे तेच राहिलेत."

"कारण?"

"आळस, महाराज. मूळचाच."

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी नोकरी जरूर धरा आणि काही झालं तरी सोडू नका. एकदा का घरी बसलात, की दिवसभरात बसायला म्हणून मिळणार नाही.