सेन्सरची वागणूक असमाधानकारक

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता आमच्या शाळेच्या गाडीत पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा, बोटाच्या पेराएवढा. ड्रायव्हरकाकांनी अनुभवाला जागून त्यावर रुमाल टाकला. बुधवारी तो रुमालाखालूनही दिसायला लागला, तेव्हा प्रकरण कार्यालयात गेलं.

घाई होती ती एवढ्यासाठी की शनिवारी दहा वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी होती. शाळेच्या इतिहासात तिथवर पहिल्यांदाच कोणीतरी पोचलं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी आणि माझी जिवलग मैत्रीण ढापणी. (चष्म्यावरून हे नाव मी ठेवलं. तिने माझं 'भोंगा' ठेवलं. फिट्टंफाट.)

आमच्याकडे बिघाड कळवायची पद्धत फार सुटसुटीत आहे. दोष नोंदवहीत दोनच रकाने आहेत, 'दोष' आणि 'नाव'. नाव कोणाचं ते कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे जो सांगायला जातो त्याचंच पडतं. गेल्या वर्षी मुलींच्या बाजूचा नळ गळतो हे मी कळवलं होतं. प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'हुशार आहे. नळ गळवू नये.'

तर विज्ञानाच्या सरांनी गाडीला तपासणीचं यंत्र लावलं. पडद्यावर नाव उमटलं, ऑक्सिजन सेन्सर. हेडक्लार्कांनी ते सुवाच्य अक्षरात नावाच्या रकान्यात लिहिलं आणि आरोपी सापडल्याचं जाहीर केलं.

आरोपीची तपासणी करायला माझ्या मावशीला बोलावलं. तिचं गॅरेज शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे.

"हा धुराच्या नळीत बसतो," मावशी म्हणाली, "आणि धूर हुंगून सांगतो, पेट्रोल जास्त होतंय की हवा. जुने सेन्सर नुसतं जास्त-कमी म्हणायचे. हा वाइडबँड आहे, किती जास्त तेही सांगतो."

"म्हणजे आगाऊ आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि उगाचच माझ्याकडे बघितलं.

आकडा एकच्या आसपास हवा होता. पडद्यावर शून्य पॉइंट आठ होता, म्हणजे पेट्रोल जास्त. मावशीने इंजिनाजवळची एक नळी उपटली, आत फुकटची हवा शिरली. आकडा टुणकन वर. नळी बसवली आणि हवेच्या वाटेवर ज्वलनशील गॅसची बारीकशी फुंकर मारली. आकडा झपकन खाली.

"ठणठणीत आहे," ती हात पुसत म्हणाली. "खरं तेच सांगतोय. पेट्रोल खरंच जास्त जातंय, ते फवारणारा इंजेक्टर गळतोय. वास नाही येत तुम्हाला?"

"मला येतो! सोमवारपासून येतोय!" मी.

"तुला कोणी विचारलं?" सर.

"एका दुपारचं काम आहे," मावशी म्हणाली. "करून टाकू?"

हेडक्लार्कांनी नोंदवही पुढे सरकवली. "नोंद सेन्सरच्या नावाची आहे. इंजेक्टरविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही."

"अहो, सेन्सरची आहे की! तोच तर कधीचा ओरडतोय!"

"तो आरोपी आहे, ताई. आरोपीची तक्रार कशी दाखल करून घेणार?"

मावशीने हत्यारं पिशवीत भरली. जाताना मोठ्या बाईंना एवढंच म्हणाली, "शनिवारी पोरींना बसने पाठवा."

"शाळेची गाडी असताना बस?" बाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

मग त्रिसदस्यीय समिती बसली. तिने सेन्सरला सुधारायच्या तीन संधी दिल्या. तिन्ही वेळा त्याने तोच आकडा सांगितला. शुक्रवारी अहवाल आला: 'सेन्सर कार्यक्षम आहे. तथापि त्याची वागणूक असमाधानकारक आहे. एकच गोष्ट वारंवार सांगतो. वरिष्ठांची उपस्थिती लक्षात घेऊनही आकड्यात बदल करत नाही. सबब प्रयोगशाळेत बदली करावी.'

त्याला काढून बरणीतल्या बेडकाशेजारी ठेवलं. त्याच्या जागी सरांनी रात्रंदिवस 'एक' एवढंच म्हणणारी एक डबी जोडली. दिवा विझला. प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी डबीचं जाहीर कौतुक केलं. शिस्त म्हणजे काय ते तिच्याकडून शिका, म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हो, मीसुद्धा. हात आपोआप वाजतात.

शनिवारी निघालो तेव्हा मागून इतका काळा धूर येत होता की शाळाच दिसेना.

"भोंग्या, वास," ढापणी कुजबुजली.

"सर, पेट्रोलचा..."

"आधी दिवा बघ. लागलाय? नाही ना?" पुढच्या सीटवरून सर म्हणाले. "मग उजळणी करा."

पुलाच्या मधोमध गाडी खोकली, उचकी दिली आणि गप्प झाली. नऊ पस्तीस. सरांनी कार्यालयाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तू बोल. तुझा आवाज मोठा आहे."

"दिवा लागलाय का?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"नाही, पण सर..."

"मग गाडी चालू आहे."

"सर, ती पुलावर उभी आहे! मागे अख्खं शहर हॉर्न वाजवतंय!"

"चालू गाडी उभी ठेवणं हा चालकाचा निर्णय असू शकतो. तुम्ही वेळेत का पोचला नाहीत, ते मात्र लेखी द्या."

आम्ही पळालो. ढापणीचा चष्मा दोनदा पडला, मी एकदा. पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते आणि जिंकलेल्या मुली करंडक धरून फोटोसाठी हसत होत्या.

सोमवारी नोंद झाली. दोष – अंतिम फेरीस गैरहजेरी. नाव – आमची दोघींची.

या वेळी मात्र मी रीतसर तक्रार लिहिली, चार पानी. हेडक्लार्कांनी ती शांतपणे वाचली. "साक्षीदार लागेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलेला, शाळेशी संबंध नसलेला."

ढापणी आरोपी, मावशी नातेवाईक, ड्रायव्हरकाकांना नोकरी टिकवायची. मग मला तुम्ही आठवलात! दिवा लागला तेव्हापासून पुलावर बंद पडेपर्यंत होतात की बरोबर. फार काही करायचं नाही. नोंदवही तीच आहे, रकानाही तोच. नाव तेवढं सांगा.

काय झालं? आत्ता तर हसत होतात.