चाफा ठोकून पाहणारे काका

अंगणातल्या चाफ्याची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्याला तहान लागली असेल, असं मी ठरवलं आणि कूलरच्या पाण्याची नळी थेट त्याच्या बुडाशी सोडली. अमरावतीचा उन्हाळा, कूलर दिवसभर चालू, म्हणजे बागकाम फुकटात! तीन आठवडे मी स्वतःवर खूश होतो. पानं गळत गेली. मी नळी आणखी जवळ सरकवली.

मग मुलीकडे अकोल्याला गेलेले शेजारचे रमाकांतकाका परत आले आणि हातोडी घेऊन फाटकात उभे राहिले.

काका बडनेऱ्याला रेल्वेत होते. सारी नोकरी थांबलेल्या गाड्यांची चाकं ठोकण्यात गेली. चाक धड असलं तर टण्ण, म्हणजे "जाऊ द्या गाडी"; तडा असला तर बद्द. रिटायर झाले, पण ठोकणं सुटलं नाही. टरबूज, माझी स्कूटर, बँकेचं काउंटर, काहीही. एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब ठोकला आणि "बद्द वाजून राह्यला" म्हणून नवरदेवाच्या मामाला भरल्या ताटावरून उठवलं. खांब पडला नाही. मामा मात्र जेवण संपेपर्यंत वरच पाहत होते.

आमचा चाफा ते रोज सकाळी तपासायचे. त्यांच्या क्वार्टरपुढे सुमनकाकूंनी लावलेल्या चाफ्याची ही फांदी, काकूंनीच आमच्या हिला दिलेली. पुढे काकू गेल्या. क्वार्टर पाडलं, त्यात तो चाफाही गेला. उरला हा एवढाच.

काकांनी पान उलटून पाहिलं. तांबेऱ्याचे ठिपके नव्हते. एक फांदी ठोकली, टक. दुसरी, टक. तिसरी, बद्द. दाबली तर काळी, लिबलिबीत. पुढच्या दोन तशाच. मग त्यांनी चप्पल काढून बुडाशी पाय ठेवला. तो चिखलात रुतला. त्यांची नजर नळीच्या मागे मागे कूलरपर्यंत गेली.

"हे कोणाचं डोकं?"

"माझं."

"त्याले ठोकून पाहू का?"

खिडकीत ही फिसकन हसली. काका हसले नाहीत.

"तहान कायची? तुमी बुडवून राह्यले त्याले! सुमन मातीत बोट घालून पाहे, मंगच पानी दे."

 मग सडलेल्या तिन्ही फांद्या त्यांनी पांढरा चीक दिसेपर्यंत छाटल्या, बुडाची माती मोकळी केली. शेवटी खोडाला कान लावून ठोकलं. मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा ठोकलं. 

"जाऊ द्या गाडी," ते हळूच म्हणाले.

छाटलेल्या एका फांदीचा खालचा तुकडा चांगला होता. मी तो पुढे केला. "काका, न्या की. तुमचं अंगण रिकामंच आहे."

त्यांनी तो हातात फिरवला, हुंगला आणि परत माझ्याच हातात ठेवला. "माह्याकडं ऊनच पडत नाही," म्हणाले आणि गेले.

"ऊन पडत नाही?" मी हिला म्हणालो. "आपले पापड वाळतात त्यांच्या अंगणात!"

"तुमाले झाडाचंही समजत नाही अन् माणसाचंही," ही म्हणाली. "चाफा घरीच लागला, तर सकाळी उठून त्यांनी जावं कुठी? तो तुकडा ठेवा सावलीत. अन् पह्यले ती नळी उचला."