तोंड दक्षिणेस

पंचनामा लिहावा तर लोटन पाटलानंच, असं गिरणाकाठी सगळे म्हणत. सगळे म्हणजे मुख्यत्वे लोटन पाटील स्वतःच!

१९३८ साली नदीची दरड ढासळली आणि आतून मातीचा भला मोठा रांजण उघडा पडला. रांजणात गुडघे पोटाशी घेऊन सांगाडा बसलेला. जणू कुणाची वाट बघतोय! पाटलानं तिथंच पंचनामा ठोकला: 'वय कळत नाही. वारस हजर नाही. तोंड दक्षिणेस.'

जळगावहून हुकूम आला: 'प्रेत पोलिसांचे की पुराणवस्तू खात्याचे, हे साहेब येऊन ठरवतील. तोवर कुणी हात लावू नये. पंचनाम्यात व जागेवर फरक निघाल्यास पाटीलकी जाईल.'

पाटलानं भोवती बाभळीचे काटे रोवले. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर कवटीचं तोंड नदीकडे! वारा नाही, पाखरू बोलत नाही. पाटलाची बोबडी वळली. पण पाटीलकी! डोळे मिटून त्यानं दोन बोटांनी कवटी दक्षिणेला फिरवली. गार लागेल वाटलं होतं, लागली कोमट.

तिसऱ्या दिवशी पुन्हा नदीकडे. चौथ्याही दिवशी! पाटलाचं जेवण सुटलं.

आठव्या दिवशी तो सूर्य उगवताच काट्यांमागे दबा धरून बसला. काट्यांतून एक हात आत आला! पाटील किंचाळला. हातही किंचाळला!

ती शेजारची भागाबाई. कमरेवर हंडा.

"अक्का, हाई काय?"

"तान्हेला जीव शे, भाऊ. पानी तरी दिखू दे म्हनीसन रोज मीच त्यानं तोंड नदीकडे करस. पन मेला हट्टी शे! रोज परत फिरी जास!"

"अवं, तो मी फिरावस!"

दोघं पोट धरून हसली. पाटलानं कवटी दक्षिणेला केली. अक्कानं नातवंडांची शपथ घेतली, आता हात लावणार नाही. तेवढ्यात वर साहेबाचा टांगा वाजला. दोघं मिळूनच त्याला आणायला गेली, मिळूनच परत आली.

कवटी ना दक्षिणेला, ना नदीकडे. सरळ वाटेकडे, येणाऱ्या तिघांकडे बघत होती!

साहेबानं पंचनामा पाहिला, होकायंत्र पाहिलं. "हात कुणी लावला?"

पाटलानं अक्काकडे पाहिलं. अक्कानं पाटलाकडे.

"मीच, साहेब!" पाटील घाईघाईनं म्हणाला.

पाटीलकी तिथंच गेली. घरी परतताना अक्का कुजबुजली, "भाऊ, कबूल काबर करं?"

"नही म्हनतू," पाटील मागे न बघता भराभरा चालत म्हणाला, "तर साहेब तपास मालेच कराले लावता ना!"