परुळेकरांचा खण

परुळेकर डबा खणात ठेवून खातात. टेबलाचा खण चार बोटं उघडायचा, आत हात घालून पोळीचा तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा आणि खण बंद. भाजी कुठली, हे आमच्या परळच्या ऑफिसात अकरा वर्षांत कुणालाही कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "माहिती एकदा बाहेर गेली की गेली!" असून असून दुधी भोपळा असणार, आणि ती यांची माहिती.

रोज एक वाजता त्यांच्या फोनवर मेसेज येतो. फोन छातीशी धरून ते वाचतात, "घरून आहे," म्हणतात आणि मगच जेवायला लागतात. या माणसाशी संसार करणाऱ्या बाईला मी मनोमन दंडवत घालत असे.

आमचे सर्व्हर यांच्या ताब्यात. प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यांत चालतात आणि एक मोठं सॉफ्टवेअर त्या सगळ्यांवर मुकादमी करतं. मागच्या महिन्यात त्या मुकादमातच खोट निघाली. साधं लॉगिन असलेला कुणीही कुणाच्याही डब्यातलं वाचू शकत होता. बनवणाऱ्यांनी इशारा पाठवला, सोबत दुरुस्तीही पाठवली. परुळेकरांनी काय करावं? इशारा कागदावर छापला, त्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारला आणि खणात घालून कुलूप लावलं. तीन आठवडे! भिंतीला भोक पडल्याचा बभ्रा नको म्हणून या शहाण्याने भोक तसंच ठेवलं.

"परुळेकर, निदान मला तरी सांगायचंत!" बनवणाऱ्यांचं स्मरणपत्र साहेबांकडे आल्यावर मी ओरडलो.

"तुला सांगितलं असतं तर फुटलं नसतं का?"

साहेबांनी काम माझ्याकडे दिलं. दुरुस्ती करायची आणि काय काय उघडं पडलं होतं त्याचा अहवाल सगळ्या खात्याला पाठवायचा. मी एकेक डबा तपासत बसलो. एका कोपऱ्यात छोटासा प्रोग्राम सापडला. रोज एक वाजता एकच मेसेज. पाठवणारे परुळेकर, घेणारेही परुळेकर. मजकूर होता, "अहो, जेवून घ्या. गार होतंय."

त्यांना अहो म्हणणारं घरी कुणी नव्हतंच. मला माझ्या दंडवताची लाज वाटली.

मान वर केली तर परुळेकर समोर उभे. चेहरा पांढराफटक.

"ते... अहवालात जाणार का रे?"

"कुठलं? इथे काही नाहीये," मी म्हणालो आणि पुढचा डबा उघडला.

दुरुस्ती झाली. तो प्रोग्राम मी तसाच चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन वाजला.

"घरून आहे," ते म्हणाले.

खण चार बोटं उघडला. अकरा वर्षं मान लांब करून आत डोकावणारा मी, त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसलो.